माजी खेळाडूला अमेरिकेतील महिला कॉलेज बास्केटबॉलच्या ‘ऑपरेशन्स’मध्ये खेळाचा उपयोग होतो का?

विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलीने अमेरिकेतील महिला कॉलेज बास्केटबॉल संघाच्या ऑपरेशन्समध्ये, म्हणजे संघाच्या व्यवस्थेच्या कामात, नोकरी धरली, तर तिचा खेळ तिथे कामी येतो की वाया जातो, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात खेळले, क्रीडा व्यवस्थापन शिकण्यासाठी इथे आले आणि आता एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या डिव्हिजन वन या सर्वोच्च श्रेणीतील एका संघाकडे हेच काम करते. खेळ कामी येतो, पण मला वाटले होते तिथे नाही.

बस, विमान, हॉटेल, जेवण, सरावाच्या वेळा, अंदाजपत्रक आणि यजमान संघाशी पत्रव्यवहार हे सर्व आमच्याकडे असते. शिवाय तासांची नोंद असते. हंगामात खेळाडूकडून दिवसाला चार आणि आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक सक्तीचे काम घेता येत नाही, तसेच आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावीच लागते. मात्र सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो तीनच तासांचा धरला जातो आणि प्रवास तर मोजलाच जात नाही. त्यामुळे बाहेरगावचा सामना खेळून पहाटे दोन वाजता बसमधून उतरलेली आणि सकाळी आठच्या तासाला बसायचे असलेली मुलगी कागदावर अगदी नियमात असते. असा प्रवास ज्याने स्वतः केला आहे, त्याला ती नोंद पाहून समाधान वाटत नाही. दुसऱ्या दिवशीचा सराव दुपारी ढकलावा, असे मी मुख्य प्रशिक्षकांना सांगते, आणि बहुतेक वेळा त्या ऐकतात. माझ्यातल्या खेळाडूचा खरा उपयोग इथे होतो.

प्रत्यक्ष खेळाबद्दल मात्र तोंड मिटून बसावे लागते, आणि सुरुवातीला याचाच सर्वांत जास्त त्रास होतो. किती जणांनी शिकवायचे यावर एनसीएएचे बंधन आहे. १ जुलै २०२३ पासून बास्केटबॉलमध्ये आणखी दोघांना मैदानावर शिकवण्याची मुभा मिळाली, परंतु आमच्या संघात त्या दोघांत मी नाही. बचावात एखादीचा पाय सतत चुकीचा पडताना दिसला, तरी मी पुढच्या मुक्कामाच्या खोल्यांची यादी तपासत राहते. ज्यांना हे सोसणार नाही, त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

मार्चमध्ये एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धा असते, तेव्हा तर घरदार विसरावे लागते. अडुसष्ट संघांची नावे रविवारी जाहीर होतात आणि पहिल्या दोन फेऱ्या अव्वल सोळा मानांकित संघांच्या घरच्या मैदानांवर होतात, त्यामुळे इतरांना त्या संध्याकाळपर्यंत आपला सामना कोणत्या गावी आहे हे माहीत नसते आणि शुक्रवारी कदाचित सामना असतो. २०२१ च्या स्पर्धेत सॅन अँटोनियोत महिला संघांच्या वाट्याला व्यायामासाठी डंबेलची एक छोटी मांडणी आली होती, तर पुरुषांना इंडियानापोलिसमध्ये सुसज्ज व्यायामशाळा होती. ऑरेगन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने त्याची चित्रफीत टाकल्यावर गदारोळ झाला. तोवर पुरुषांच्याच स्पर्धेला असलेले ‘मार्च मॅडनेस’ हे नाव आणि अडुसष्ट संघ या दोन्ही गोष्टी महिलांना पुढच्याच वर्षी मिळाल्या.

इथून पुढे वाट आहे का? नीएल आयव्ही २००१ च्या विजेत्या नोत्र दाम विद्यापीठ संघाची पॉइंट गार्ड, म्हणजे खेळाची सूत्रे हलवणारी खेळाडू, होती. ती झेवियर विद्यापीठात प्रशासकीय साहाय्यक म्हणून लागली, २००७ मध्ये नोत्र दामला साहाय्यक प्रशिक्षक झाली आणि २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक. अर्थात ती विजेत्या संघाची नावाजलेली खेळाडू होती, आपण नाही. हे लक्षात ठेवूनच उदाहरण घ्यावे.

सुरुवात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघाचे काम करणारी साहाय्यक, म्हणून करावी. पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या बाबतीत विद्यापीठे वार्षिक संख्यामर्यादेबाहेर असतात, ही आपल्यासाठी जमेची बाजू आहे. तरी या पदासाठी व्हिसा पुरस्कृत कराल का, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे. अर्जात आपण सामन्यांत केलेली गुणसंख्या लिहून फारसे साधत नाही. त्याऐवजी पंचवीस जणांच्या दोन दिवसांच्या दौऱ्याचे तासवार वेळापत्रक, जेवणाच्या वेळांसह, आखून जोडावे. आमच्याकडे आलेले अर्ज मी तरी याच नजरेने वाचते.