जुनी मार्लिन १८९५ आणि घरी भरलेली .४५-७० काडतुसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोलोरॅडोत सत्तरच्या दशकातली, .४५-७० काडतुसाची मार्लिन १८९५ ही लिव्हर रायफल (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची) सेकंडहँड घेतलीये. आता नळी आखूड करायची, पुढे ब्रेक (धक्का कमी करणारं, नळीच्या तोंडाला बसवायचं टोपण) लावायचा, वर मोठा स्कोप चढवायचा आणि दुकानातली काडतुसं मिळमिळीत वाटतात म्हणून एल्कसाठी (हे मोठं हरीण) घरीच जोरदार लोड, म्हणजे दारू-गोळीची जोडणी, भरायचे.

नळीला हात लावू नका. तिच्यावर रिसीव्हरजवळ (बंदुकीची यंत्रणा असते त्या मधल्या भागाजवळ) 'जेएम' असा बारीक शिक्का असेल, तो नॉर्थ हेवन, कनेक्टिकटच्या जुन्या कारखान्याचा. २००७ च्या शेवटी मार्लिन रेमिंग्टनकडे गेली, पुढे तो कारखाना बंद पडला, २०२० मध्ये रुगरने मार्लिन घेतली. या शिक्क्याच्या, न छेडलेल्या बंदुकांना लोक आजही वरचे पैसे मोजतात. शिवाय नळी कापली की वजन घटतं, म्हणजे धक्का वाढतो आणि आवाजही. मग तो धक्का मारायला ब्रेक, आणि ब्रेकने आवाज आणखी वाढणार. शिकारीत सगळेच कानाला काही लावून बसत नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याचा तरी विचार करा.

पैसे घालायचेच तर दोन ठिकाणी घाला. दस्त्याला मागे चांगलं रबरी पॅड, आणि ते बसवताना दस्त्याची लांबी तुमच्या हाताप्रमाणे करून घ्या. दुसरं म्हणजे नेम धरायची सोय. मार्लिनचा माथा बंद असतो आणि रिकामी केस (काडतुसाचं पितळी कवच) बाजूने उडते, त्यामुळे स्कोप अगदी सरळ बसतो. पण कमी पॉवरचा आणि डोळ्यापासून लांब ठेवता येणारा घ्या, नाहीतर भुवई फुटेल. मला विचाराल तर पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायची पट्टी. या बंदुकीच्या पल्ल्याला ती पुरते.

आता लोडचं. इथे सावकाश वाचा.

.४५-७० हे १८७३ चं अमेरिकन लष्कराचं काडतूस. ७० ग्रेन (दारू-गोळीच्या वजनाचं बारीक माप) काळी दारू, पुढे ४०५ ग्रेनची शिशाची गोळी. त्या काळच्या, कमी दाब सोसणाऱ्या ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड रायफली अजून लोकांच्या घरात आहेत आणि त्यांच्यात आजचं काडतूसही बसतं. म्हणून कारखाने हात राखून भरतात, त्यांची मर्यादा २८,००० पीएसआय (दर चौरस इंचावरचा पौंडांतला दाब). मिळमिळीतपणा तिथून येतो. रीलोडिंगच्या (घरी काडतुसं भरण्याच्या) पुस्तकांत या एकाच काडतुसाचे बहुधा तीन विभाग असतात: ट्रॅपडोर, मग मार्लिनसारख्या लिव्हर रायफली, मग रुगर नंबर वनसारख्या मजबूत सिंगल शॉट. तुम्ही मधल्यातले, ४०,००० च्या आसपासचे. तिसऱ्या विभागाचं पान उघडूच नका. आणि भरलेल्या डब्यावर ठळक अक्षरात 'फक्त मार्लिन' लिहा. उद्या तोच डबा कुणा मित्राच्या ट्रॅपडोरशेजारी असेल.

बऱ्याच जणांना वाटतं की दाब जास्त झाला तर प्रायमर (केसच्या बुडाची, दारू पेटवणारी टिकली) चपटा होऊन सांगेल. हा भरवसा बोल्ट रायफलीतून आलाय. ६०,००० वर चालणाऱ्या काडतुसात प्रायमर काही बोलतो. इथे तो अगदी शहाण्यासारखा गोल दिसत राहील आणि तुम्ही मार्लिनची हद्द कधीच ओलांडलेली असेल. केस चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) चिकटायला लागली म्हणजे तर फारच उशीर झाला. त्यामुळे पुस्तकातला सुरुवातीचा लोड घ्या, थोडा थोडा वर जा आणि पुस्तक थांबेल तिथे थांबा. प्रमाण मी इथे मुद्दाम देत नाही. गोळी, दारू आणि केस यातलं काहीही बदललं की आकडे बदलतात.

गोळी चपट्या तोंडाचीच हवी. मार्लिनच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, तिथे मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलेलं असतं, टोकदार गोळी तिथे धक्क्यासरशी प्रायमर पेटवू शकते. हॉर्नडी कंपनीची मऊ प्लास्टिकच्या टोकाची गोळी चालते, पण तिच्यासाठी केस २.१०५ इंचांऐवजी २.०४० पर्यंत आखूड करावी लागते, आणि तशा केसेस वेगळ्या ठेवाव्या लागतात. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरणार असाल तर आधी नळीतून मऊ शिशाचा गट्टू ठोकून आतलं खरं माप घ्या. मार्लिनच्या उथळ खाचांना .४५८ ची शिशाची गोळी नीट पकडता येत नाही, .४५९ किंवा .४६० लागते.

बाकी डाय-प्रेसचं (काडतूस भरायच्या साच्यांचं आणि यंत्राचं) कुठल्याही पुस्तकात मिळेल. दोन गोष्टी मात्र इथे जास्त महत्त्वाच्या. एक, क्रिंप. ४०५ ग्रेनचं वजन, वर मॅगझिनची स्प्रिंग, वर धक्का. केसचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट वळलेलं नसेल तर गोळी आत सरकते आणि दाब चढतो. गोळी उठून बाहेर आली तर काडतूस लिफ्टरवर (ते चेंबरकडे उचलणाऱ्या भागावर) अडकतं. दोन, केस मोठी आहे. हलक्या लोडची दारू तळाशीच राहते, चुकून दोनदा पडली तरी ओतू जात नाही. गोळ्या बसवायच्या आधी सगळ्या केसेस ब्लॉकमध्ये उभ्या करून टॉर्च मारा आणि प्रत्येकीत डोकावून पातळी बघा. शंका आली की ती केस रिकामी करून पुन्हा भरा.

आता किती जोर हवा? ४०५ ग्रेनची साधी फॅक्टरी गोळी सेकंदाला सुमारे १३३० फुटांनी सुटते. एल्कसाठी कोलोरॅडोचा नियम १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जेचा, तो ही गोळी पाळते. १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० वर ती दोन फूट खाली पडते. वेग १८०० पर्यंत ताणलात तरी फूटभर पडतेच, आणि धक्का जवळपास पावणेदोन पट. मी मधल्या विभागात राहून १५००-१६०० च्या आसपास थांबलो असतो आणि जनावर १५० यार्डांच्या आत येईपर्यंत वाट पाहिली असती.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांसाठी लिहितो: ग्रीन कार्ड नसेल, एच-१बी असेल, तर अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस नुसतं बाळगणंही गुन्हा आहे. चालू शिकारीचा परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. परवाना संपला की सूटही संपते, तेव्हा तारीख बघत जा. आणि भारतात जाताना शिकारीचं जाकीट, बॅग, सगळे खिसे उलटे करून झटका. विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.