जेलमधला मनोरुग्ण: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

भावाला स्किझोफ्रेनिया आहे, बरीच वर्षं औषध चालू होतं. मारामारीच्या केसमध्ये आत गेला, कच्चा कैदी आहे, आणि तिकडे गोळ्या बंद झाल्यात. मुलाखतीला गेले तर ओळखही दाखवत नाही. काय करू? (एक बहीण, सातारा)

ताई, आधी जुनी फाइल शोधा. डिस्चार्ज कार्ड, केसपेपर, मेडिकलची बिलं पण चालतील, सगळ्याच्या झेरॉक्स काढा, एक सेट जेलच्या मेडिकल ऑफिसरला, एक सुपरिंटेंडेंटना, दोन्हीकडे पोचेचा शिक्का घ्या आणि तिसरा कोर्टात अर्जासोबत लावा. तोंडी सांगितलेलं गेटवरच राहतं. मी वकील, डॉक्टर नाही, पण क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध चालू असेल तर अर्जात ठळक लिहा एवढं सांगते, कारण ते दोन दिवसांहून जास्त तुटलं की जुना डोस एकदम देत नाहीत, साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावा लागतो, रक्ततपासणी पण लागते, आणि जेलच्या डॉक्टरला हे माहीत असेलच असं नाही. वकील नसेल तर १५१०० ला, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला, फोन करा. कस्टडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत.

आमचे वकील म्हणतात "वेडा ठरला की सुटला". खरंय? (नागपूर)

नाही हो. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. गुन्हा करताना आपण काय करतोय हेच त्याला कळत नव्हतं, हा भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्याच्या, कलम २२ चा बचाव, जुन्या आयपीसीचं ८४. तो आरोपीनेच सिद्ध करायचा आणि त्याला नुसतं प्रिस्क्रिप्शन पुरत नाही. सिद्ध झाला तरी लगेच घरी नाही, कोर्ट सुरक्षित ठिकाणी ठेवतं किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे देतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आज तो खटला चालवायच्या स्थितीत नाही. मग केस थांबते, माणूस मात्र आतच! आसामच्या मचांग लालुंगला १९५१ ला अटक झाली, तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं, १९६७ ला डॉक्टरांनी बरा आहे लिहून दिलं तरी घरी न सोडता गुवाहाटीच्या जेलात टाकलं, आणि २००५ ला एक रुपयाच्या जातमुचलक्यावर बाहेर आला, ५४ वर्षांनी, खटला न चालता. म्हणून "अनफिट"चा अर्ज देताना त्यासोबतच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा त्या कायद्याच्या, कलम ३६९ खाली जामीन मागा. गुन्हा अजामीनपात्र असला तरी चालतो, अट एवढीच की ऍडमिट करायची गरज नको आणि ओपीडीत नेऊ, कुणाला इजा होऊ देणार नाही, अशी हमी जवळच्या माणसाने द्यायची.

रात्री ओरडतो म्हणून मुलाला वेगळ्या सेलमध्ये एकटं ठेवलंय. (एक आई)

मावशी, मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ९७ सरळ सांगतं, मानसिक आजार असलेल्याला एकांतात कोंडायचं नाही, आणि ९५ खाली साखळदंड तर कुठल्याच स्वरूपात नाही. जेलवाल्यांचीही अडचण असते, बराकीतले बाकीचे झोपमोड झाली की मारतात. पण त्यावर उपाय याच कायद्याच्या कलम १०३ मध्ये आहे, जेल हॉस्पिटलचा मानसोपचार वॉर्ड किंवा बाहेरचं मनोरुग्णालय, म्हणजे आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. घोडं अडतं ते पोलीस गार्डवर. कोर्टाची ऑर्डर असते, ओपीडीची तारीख असते, आणि सकाळी कळतं गार्ड बंदोबस्ताला गेला, पुढची तारीख घ्या. म्हणून गार्ड देण्याचा आदेशही त्याच अर्जात मागून घ्या.

फाशी सुनावल्यानंतर आजार झाला तर? (लॉ स्टुडंट)

महाराष्ट्राचीच केस वाच. एप्रिल २०१९, सुप्रीम कोर्टाने नाव झाकून "आरोपी एक्स" म्हटलंय, गंभीर मानसिक आजारामुळे फाशीची जन्मठेप केली. साधं डिप्रेशन सांगून चालत नाही, आजार गंभीर हवा आणि सिद्ध करायचा भार कैद्यावर.

हे सगळं तपासतं कोण?

मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ. दर तीन महिन्यांनी मेडिकल ऑफिसरने त्यांना लिहून द्यायचं की जेलमध्ये मानसिक आजार असलेला कैदी नाही. गंमत बघा, फॉर्मच शून्य मागतो, आणि शून्य लिहिलं की कुणी विचारायलाही येत नाही. मंडळाला जेलमध्ये जाऊन, हा इथे का, हलवला का नाही, असं विचारायचा अधिकार आहे. तुमच्या जेलच्या मागच्या चार रिपोर्टसाठी माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, कैद्यांची नावं मागू नका, फक्त आकडे मागा.