चार्टर्ड मॅनेजर अ‍ॅप्रेंटिसच्या अंतिम मूल्यमापनात विद्यापीठ आणि सीएमआय यांच्याकडून नेमकी कोणती मदत मिळते?

आपण लिहिले आहे की लेस्टरमधील एका वितरण केंद्रात शिफ्ट मॅनेजर म्हणून काम करत आपण चार्टर्ड मॅनेजर डिग्री अ‍ॅप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करता करता व्यवस्थापनाची पदवी मिळवण्याचा अभ्यासक्रम, करत आहात, चौथे वर्ष सुरू झाले आहे, आणि शेवटच्या मूल्यमापनासाठी विद्यापीठाकडे व चार्टर्ड मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या व्यवस्थापकांच्या व्यावसायिक संस्थेकडे, म्हणजे सीएमआयकडे, काय मागता येते हे आपल्याला कोणी नीट सांगितलेले नाही. मी इंग्लंडच्या उत्तर भागातील एका विद्यापीठात सहा वर्षे याच अभ्यासक्रमाची वर्कप्लेस कोच, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसची कामावरची प्रगती पाहणारी विद्यापीठाची मार्गदर्शक, होते. आपला प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारत असे, आणि बहुतेक वेळा तो विचारायला उशीर झालेला असे. आपण वेळेत विचारला आहे.

आधी या मूल्यमापनाची रचना पाहू, कारण मदतीची मर्यादा तिच्यातूनच ठरते. आपली अ‍ॅप्रेंटिसशिप एकात्मिक पदवीची आहे. म्हणजे अंतिम मूल्यमापन, ज्याला सगळे ईपीए म्हणतात, हे पदवीचाच भाग आहे आणि ते पार केल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. त्यात कामाच्या ठिकाणी केलेला प्रकल्प, त्याचे सादरीकरण व त्यावरील प्रश्नोत्तरे, आणि चार वर्षांत साठवलेल्या पुराव्यांचा पोर्टफोलिओ यांचा कस लागतो. मूल्यमापन विद्यापीठच करते, पण ज्याने आपल्याला शिकवले त्याने आपल्याला तपासायचे नाही, असा नियम आहे. त्यामुळे ज्या प्राध्यापकांना आपले काम सर्वांत जास्त ठाऊक आहे, ते त्या दिवशी आपल्या बाजूने बोलायला तेथे नसतात. समोर बसलेल्या माणसाला आपण जे दाखवाल आणि सांगाल तेवढेच दिसते.

म्हणून खरी मदत गेटवेच्या आधीच्या सहा ते नऊ महिन्यांत घ्यायची असते. गेटवे म्हणजे आपण, आपली कंपनी आणि विद्यापीठ अशा तिघांनी मिळून ‘हा उमेदवार तयार आहे’ असे मान्य करण्याचा टप्पा. साधारण दर बारा आठवड्यांनी होणारी त्रिपक्षीय आढावा बैठक ही त्याच्या तयारीची जागा आहे, आणि तीच बहुतेक ठिकाणी सर्वांत वाया जाते: व्यवस्थापक घाईत असतो, कोच फॉर्म भरतो, अ‍ॅप्रेंटिस ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो. पुढच्या बैठकीला आपण स्वतः अ‍ॅप्रेंटिसशिपच्या अधिकृत मानकातील ज्ञान, कौशल्ये आणि वर्तन यांची यादी घेऊन जा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे पुरावा कोणता हे कोचकडून तपासून घ्या. ज्या मुद्द्यापुढे जागा रिकामी राहील, त्यासाठी तसे काम मिळवून देण्याची विनंती त्याच बैठकीत आपल्या व्यवस्थापकाला करा. माझ्याकडे एका रुग्णालयातील विभागाचे प्रशासन पाहणारी एक अ‍ॅप्रेंटिस होती. तिच्याकडे अंदाजपत्रक सांभाळल्याचा एकही पुरावा नव्हता, कारण ते काम तिची वरिष्ठ करत असे. ही गोष्ट गेटवेच्या आठ महिने आधी लक्षात आली म्हणून तिला एका लहान खरेदीची जबाबदारी मिळू शकली; दोन महिने आधी लक्षात आली असती, तर कोणताही कोच काही करू शकला नसता.

याच बैठकीत ऑफ-द-जॉब प्रशिक्षणाचाही हिशेब मागा. आपल्यासारख्या, ऑगस्ट २०२५ च्या आधी सुरुवात केलेल्या पूर्णवेळ अ‍ॅप्रेंटिसला आठवड्याला सरासरी सहा तास कामाच्या वेळेतच शिकण्यासाठी मिळायला हवेत, आणि प्रकल्पाचे लेखन त्यात बसते. रात्रपाळीनंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अहवाल लिहिणारे अ‍ॅप्रेंटिस मी पाहिले आहेत. त्यांनी आपला हक्काचा वेळ कधी मागितलाच नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

आता मराठी माणसांना विशेष उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगते. आपल्याला लहानपणापासून ‘आम्ही केले’ असे म्हणायची सवय असते. ‘मी केले’ म्हणणे आपल्या कानाला बढाईसारखे लागते. मूल्यमापनातील तोंडी चर्चेत हीच सवय नडते. ‘आम्ही शिफ्टचे वेळापत्रक बदलले’ असे सांगितले की परीक्षक विचारतो, त्यात तुम्ही काय केले? आणि उमेदवार पुन्हा ‘आमच्या टीमने’ म्हणून सुरुवात करतो. परीक्षकाला टीमला गुण देता येत नाहीत. मी सराव-चर्चा घेत असे तेव्हा त्याचे ध्वनिमुद्रण करून उमेदवारालाच ऐकवत असे आणि ‘आम्ही’ किती वेळा आले ते मोजायला सांगत असे. दुसऱ्या सरावात भाषा बदललेली असे: कोणता निर्णय माझा होता, कोणता पर्याय मी नाकारला, कोणाचा विरोध झाला आणि मी त्याला काय सांगितले. विद्यापीठाकडून निदान दोन सराव-चर्चा मागून घ्या, आणि त्यांतील एक तरी आपल्याला न ओळखणाऱ्या प्राध्यापकाबरोबर असू द्या. ओळखीचा माणूस अर्धे वाक्य ऐकून उरलेले स्वतःच भरून घेतो.

प्रकल्पाचा विषय कंपनीला खरोखर हवा असलेला आणि आपल्या अधिकारकक्षेत बसणारा असावा. विद्यापीठाचा मार्गदर्शक प्रश्नाची मांडणी, पद्धत आणि मसुद्यावरील अभिप्राय यांत मदत करील, मात्र अहवाल लिहून देणार नाही आणि वाक्ये दुरुस्त करत बसणार नाही. ग्रंथालयातील विषयतज्ज्ञ आणि लेखन-साहाय्य केंद्र यांचा उपयोग अ‍ॅप्रेंटिस फार कमी करतात, कारण त्यांना आपण ‘खरे विद्यार्थी’ नाही असे वाटत राहते. आपण पूर्ण हक्काचे विद्यार्थी आहात. डिस्लेक्सिया, श्रवणदोष किंवा दीर्घ आजार असेल तर जादा वेळ किंवा वेगळी व्यवस्था मिळू शकते, पण तिचा अर्ज मूल्यमापनाच्या आधी करावा लागतो.

सीएमआयची भूमिका वेगळी आहे. या संस्थेला २००२ मध्ये शाही सनद मिळाली आणि चार्टर्ड मॅनेजर हा दर्जा देण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. पदवी विद्यापीठ देते, दर्जा सीएमआय. अ‍ॅप्रेंटिसला सहसा सीएमआयचे सदस्यत्व मिळालेले असते आणि त्याबरोबर मॅनेजमेंटडायरेक्ट हा ऑनलाइन साहित्यसंग्रह वापरता येतो. प्रकल्पाच्या विश्लेषणासाठी त्यातील व्यवस्थापनाची प्रारूपे आणि टिपणे मला पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक कामाची वाटत, कारण ती काम करणाऱ्या व्यवस्थापकासाठीच लिहिलेली आहेत. सदस्यत्व सुरू आहे का आणि लॉगिन चालते का, हे आजच पाहून घ्या. अनेकांनी ते चौथ्या वर्षापर्यंत उघडलेलेच नसते. चार्टर्ड मॅनेजर दर्जासाठी अनुभवाचा कोणता पुरावा लागेल, हेही गेटवेच्या आधी विचारा, कारण पोर्टफोलिओतील बराच मजकूर तेथे पुन्हा उपयोगी पडतो.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. इंग्रजी आणि गणिताची लेव्हल २ पात्रता, म्हणजे साधारण जीसीएसई (इंग्लंडमधील शालान्त परीक्षा) उत्तीर्ण होण्याइतकी, ही गेटवेची अट असते. बारावीपर्यंतचे शिक्षण महाराष्ट्रात झाले असेल, तर परदेशी पात्रतांची ब्रिटनमधील तुलना ठरवणाऱ्या यूके एनिककडून समकक्षतेचा दाखला घेतलेला बरा. सुरुवातीला १९ किंवा अधिक वय असलेल्यांच्या बाबतीत २०२५ पासून ही अट ठेवायची की नाही हे कंपनी ठरवू शकते, पण हा निर्णय तोंडी न ठेवता नोंदवून घ्या.

आपल्याला नापास होण्याची भीती वाटते असेही आपण लिहिले आहे. रीसिट आणि रीटेक हे दोन शब्द वेगळे आहेत: रीसिटमध्ये नवे शिक्षण न घेता पुन्हा बसता येते, रीटेकमध्ये आधी आणखी शिकावे लागते. दोन्हींसाठी कंपनीची संमती लागते, म्हणून व्यवस्थापकाशी संबंध ताणू देऊ नका. वितरण केंद्रांत कपातीची चर्चा नेहमीच असते, तेव्हा हेही माहीत असू द्या की प्रशिक्षणाचे ७५ टक्के पूर्ण झाले असतील किंवा शेवटचे सहा महिने उरले असतील, तर नोकरी गेली तरी ते पूर्ण करण्याचा खर्च सरकार उचलते. त्या परिस्थितीत त्याच आठवड्यात विद्यापीठाला कळवा.

मूल्यमापनाच्या पद्धतीत सध्या बदल होत आहेत. २०२५ मध्ये सरकारने नवी तत्त्वे जाहीर केली आणि एकेका मानकाचे आराखडे बदलले जात आहेत. त्यामुळे सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या परीक्षेवर विसंबून तयारी करू नका. आपण ज्या आराखड्याखाली नोंदणी केली त्याची आवृत्ती कोणती आहे हे कोचला ईमेलने विचारा, आणि त्याच ईमेलमध्ये पहिल्या सराव-चर्चेची तारीख मागा.