सोंग आणायचं तर पूर्ण आण

अरे, तुझा मेसेज वाचला. बेकरीवाल्याला पॅकिंग 'जर्मन' हवंय, त्याचा जर्मनीशी काडीचा संबंध नाही, म्हणून तुला ही फसवणूक वाटते आणि तू थेट नोकरी सोडायच्या गोष्टी करतोयस. जरा दम धर की!

वॉशिंग्टन राज्यातलं लेव्हनवर्थ बघ. रेल्वेने मार्ग बदलला, लाकडाचा धंदा बसला, गाव ओस पडायला लागलं, तेव्हा १९६० च्या दशकात गावाने सरळ बव्हेरियन, म्हणजे जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या गावाचं, रूप घेतलं. नुसत्या पाट्या नाही हं, उतरती छपरं, लाकडी बाल्कन्या, रंगवलेल्या भिंती, आणि नियमच असा की मॅकडोनल्ड्सलाही त्यातून सुटका नाही. सोंग आणलं ते पूर्ण आणलं. आणि तुझे ते 'अस्सल' जर्मन? मिशिगनचं फ्रँकनमुथ १८४५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकोनियातून आलेल्या लुथरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळींनी वसवलं, पण तिथला आल्प्स छाप थाट १९५० नंतर हॉटेलवाल्यांनी आणला, आणि फ्रँकोनिया काही आल्प्समध्ये नाही. मग आता नकली कोण ते सांग. आणि हीच अमेरिका पहिल्या महायुद्धात, जर्मन नाव नको म्हणून, सावरक्राउटला (आंबवलेल्या कोबीला) 'लिबर्टी कॅबेज' म्हणत होती, जर्मेनिया लाइफ या विमा कंपनीने तेव्हाच गार्डियन नाव घेतलं. बाजार आहे हा, सोयीने टोपी घालतो, सोयीने काढतो.

मी अर्धं आयुष्य अशी लेबलं काढलीत, मला कुणी नकली म्हटलं की डोकं फिरतं. एकाला मोहरीच्या सॉसची बाटली जुन्या जर्मन अक्षरांत हवी होती आणि आत तोच नेहमीचा पिवळा गोडमिट्ट माल. म्हटलं, माल बदला नाहीतर डिझायनर बदला. त्याने डिझायनर बदलला. पैसे गेले त्याचं अजून वाईट वाटतं (घरी तर आजही ऐकून घेतो), बोललो त्याचं नाही. अर्धं सोंग मी करत नाही, तूही करू नकोस.

तुझा प्रश्न फॉन्टचा नाहीचे रे. उद्या पहाटे त्या बेकरीत जा, भट्टीपाशी उभा राहा आणि बघ, प्रेत्झेल (तो गाठ मारलेला जर्मन पाव) भाजायच्या आधी लायच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या, पाण्यात बुडवतो का, नाहीतर निदान खायच्या सोड्याच्या तरी. तो तांबूस, चकचकीत पापुद्रा त्यानेच येतो. काहीच करत नसेल तर आधी त्याच्याशी भांड, लेबलाचं मग बोलू.