अमेरिकेत पोस्टबॅक प्रीमेड प्रोग्रॅमला अॅडमिशन देताना नक्की काय बघतात? माझी डिग्री इकॉनॉमिक्सची आहे, सायन्स घेतलंच नव्हतं.

सायन्स नव्हतं याची एवढी धास्ती घेऊ नका. मी पण आर्ट्सची डिग्री घेऊन याच वाटेने गेले म्हणून सांगतेय.

आधी हे बघा की पोस्टबॅक, म्हणजे डिग्रीनंतर मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाची तयारी करून घेणारे प्रोग्रॅम, दोन तऱ्हेचे असतात. एक करिअर बदलणाऱ्यांसाठी, ज्यांनी कॉलेजात बायो, केमिस्ट्री, फिजिक्स केलंच नाही, आणि दुसरे ज्यांनी सगळं केलंय पण ग्रेड कमी पडले त्यांच्यासाठी. गाउचर, ब्रिन मॉर, स्क्रिप्स या कॉलेजांचे प्रोग्रॅम पहिल्यातले, तिथे तर आधीच बरंचसं सायन्स झालेलं असेल तर उलट तुम्हाला घेतच नाहीत. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, पण नंतर द्यायची असते, प्रोग्रॅममध्ये सायन्स झाल्यावर.

जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, बघतात, कडक बघतात, कारण ऑरगॅनिक केमिस्ट्री झेपेल का याचा अंदाज त्यांना तुमच्या इकॉनॉमिक्सच्या ग्रेडवरूनच लावायचा असतो. पण माझ्या मते खरी निवड होते ती तुम्ही आजारी माणसं जवळून बघितली आहेत का यावर. निबंधात सगळेच लिहितात की लोकांची सेवा करायचीये, अहो सेवा नर्सही करते, सोशल वर्करही करतो, मग डॉक्टरच का, याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे आणि ते घरी बसून सुचत नाही. डॉक्टरच्या मागे उभं राहून शॅडोइंग करणं ठीक आहे पण त्यात तुम्ही नुसतं बघता, त्यापेक्षा हॉस्पिसमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेतात तिथे) व्हॉलंटियर, इमर्जन्सी रूममध्ये स्क्राइब (डॉक्टरच्या नोंदी लिहिणारा), नाहीतर ईएमटीचं, म्हणजे तातडीच्या उपचारांचं, ट्रेनिंग घेऊन अॅम्ब्युलन्सवर काम, असं काहीतरी करा जिथे पेशंट आणि त्याचे नातेवाईक तुमच्याशी बोलतात, चिडतात, रडतात. मला इंटरव्ह्यूत विचारलं होतं की हॉस्पिटलमध्ये तुला काय आवडलं नाही, आणि वॉर्डात खरंच वेळ काढलेला असला की याचं उत्तर आपोआप येतं. शनिवार-रविवार थोडं थोडं पण सलग बरेच महिने केलेलं, एका सुट्टीत उरकलेल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं.

शिफारसपत्र मोठ्या नावाचं नको, तुमचं काम बघितलेल्या माणसाचं घ्या, ऑफिसातला बॉस पण चालतो बऱ्याच ठिकाणी.

दुसऱ्या तऱ्हेवाल्यांसाठी एवढंच, की विषय परत घेतला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, एमडीच्या (तिथली डॉक्टरकीची मूळ डिग्री) अर्जात एएमकॅस, म्हणजे हे अर्ज एकत्र घेणारी सेवा, दोन्ही ग्रेड धरतं आणि सायन्स-मॅथ्सचा जीपीए वेगळा काढतं, त्यामुळे ग्रेड चढत गेलेले दिसले पाहिजेत.

आणि व्हिसाचं तुम्ही काही लिहिलं नाहीये. ग्रीन कार्ड नसेल तर पोस्टबॅकला अॅडमिशन मिळेलही, पण पुढे बरीच मेडिकल कॉलेजं इंटरनॅशनल स्टुडंटचा अर्जच घेत नाहीत, म्हणून फी भरायच्या आधी प्रोग्रॅमला सरळ विचारा की व्हिसावरची किती मुलं तुमच्याकडून पुढे मेडिकलला गेली.