तलाव वाढला म्हणून लगेच 'हाय रिस्क' लिहू नका

तुम्ही विचारलंय की सेंटिनेल-२ उपग्रहाच्या इमेजवरून एनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखायचा निर्देशांक) काढला, सिक्कीममधला एक हिमनदीचा तलाव सात वर्षांत बराच पसरलेला दिसतोय, तर रिपोर्टमध्ये त्याला 'हाय रिस्क' म्हणू का. थांबा जरा.

आधी तो आकडाच तपासा. हिरव्या बँडमधून एनआयआर (जवळचा अवरक्त बँड) वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं, एवढंच ते गणित, आणि डोंगराची सावली त्याला बिनदिक्कत फसवते. मी एकदा नोव्हेंबरच्या इमेजमध्ये अख्खा नवीन तलाव 'शोधला' होता, चार जणांना कौतुकाने दाखवलाही, मग सप्टेंबरची इमेज उघडली तर तिथे नुसता खडक! म्हणून दरवर्षी महिना एकच घ्या आणि डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) लावून १० अंशांपेक्षा जास्त उताराचे पिक्सेल उडवा, पाणी काय उतारावर थांबत नाही. ढग असतील तर सेंटिनेल-१ चं रडार आहेच, फक्त शांत पाणी त्यात काळं दिसतं आणि रडारची सावलीही काळीच, तेव्हा तिथेही डोळे उघडे ठेवा.

आता मुद्द्याचं. सिक्कीममधलाच दक्षिण ल्होनाक तलाव बघा. तो वाढतोय हे वर्षानुवर्षं माहीत होतं. इस्रोच्या इमेजमध्ये २८ सप्टेंबर २०२३ ला तलाव साधारण १६७ हेक्टर होता आणि ४ ऑक्टोबरला ६०. मधल्या काळात झालं काय, तर बाजूच्या मोरेनचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाचा, गोठलेला उतार, जवळपास दीड कोटी घनमीटर माल, धाडकन तलावात कोसळला, त्याची लाट उठली, तिने समोरचा बांध फोडला आणि पाणी तीस्तेत उतरून चुंगथांगचं धरण घेऊन गेलं. तो उतार आधीपासून वर्षाला कित्येक मीटर सरकत होता, जुन्या इमेज चाळल्यावर ते दिसलंही, पण नंतर. म्हणजे सगळे पाणी मोजत बसले आणि काठ सुटला बाजूचा.

घनफळाचं म्हणाल तर ०.१०४ गुणिले क्षेत्रफळाचा (चौरस मीटरमध्ये) १.४२ वा घात हे सूत्र सगळेच वापरतात, १ चौरस किलोमीटरला साधारण साडेतीन कोटी घनमीटर येतात, पण खोली न मोजता काढलेला तो अंदाज आहे, त्याला दशांश चिन्हापुढे दोन आकडे लावून मिरवू नका. आणि बांध पाण्यापेक्षा ५ मीटर उंच आहे असं फुकटच्या डीईएमवरून तर अजिबात लिहू नका, चूकच तेवढी असते त्यात. एसआरटीएम हा फुकटचा डीईएम तर फेब्रुवारी २००० चा, आज जिथे पाणी आहे तिथे त्यात बर्फ असू शकतो.

तर आता तलावाच्या दोन्ही काठांचे उतार आणि वर लटकलेला बर्फ बघा, एक जुनी आणि एक नवी इमेज एकाच महिन्याची घेऊन आलटून पालटून लावा. भेगा रुंदावल्यात किंवा काठ खाली सरकलाय असं वाटलं तर त्या दोन इमेज तारखेसकट टाका, मी बघतो.