कात्री हातात, पण सुचत काहीच नाही

प्रश्न : अमूर्त कोलाज करायला बसते, पण सुचतच नाही. दुसऱ्यांची कामं पाहिली की नक्कल होते. काय करू?

उत्तर : आधी कचऱ्याची टोपली उपडी करा. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स वापरलेली तिकिटं आणि वेष्टनं यांतूनच कोलाज घडवायचा. मी लिफाफ्यांच्या आतली निळी नक्षी जमवते. घरचे हसतात, हसू देत. छापील कागद उलटा धरा, म्हणजे डोळे वाचायचं थांबवतात आणि अक्षरांचे नुसते आकार दिसू लागतात. कात्री जरा बाजूला ठेवून कागद हातानं फाडा. जाड छापील कागदाला पांढरी कड सुटते, ती मला कुठल्याही रेषेपेक्षा जिवंत वाटते.

तरीही अडलात, तर हान्स आर्प या चित्रकार-शिल्पकाराची युक्ती : १९१६-१७च्या सुमारास त्यानं कागदाचे चौकोनी तुकडे वरून टाकून योगायोगानं रचना केल्या, असं सांगतात. (त्याचे चौकोन बघता त्यानं ते थोडे सरकवले असणार, अशी मला दाट शंका आहे. तुम्हीही सरकवा.) चिकटवायची घाई मात्र नको. माझी मांडणी रात्रभर तशीच पडून असते. सकाळी त्यातले दोन-तीन तुकडे मी हमखास काढून टाकते.